चौदा वाजवणारे आणि एक भोंगा

पिंपरी-चिंचवडला एवढ्या कंपन्या आल्या, हजारो माणसं भोंग्यावर उठली, भोंग्यावर जेवली, पण कुठल्या कंपनीचा भोंगा पेटीच्या कुठल्या पट्टीत वाजतो हे सांगणारा माणूस सगळ्या पट्ट्यात एकच झाला आणि तो नेमका माझा थोरला मेहुणा निघाला. "आपला पांढरी चार," ते सायकलवरून जाता जाता सांगायचे, "शेजारचा काळी दोन. अन् त्यो आकुर्डीकडचा हाय ना, त्याला सूरच न्हाई, नुसता बोंबलतो." हे ऐकून मी मान डोलवायचो. मला तिन्ही भोंगे सारखेच वाटायचे.

माझ्या कानांची ही अवस्था त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. मी मुलगी बघायला चिखलीला गेलो तेव्हा कांदेपोहे येण्याआधी त्यांनी मला प्रश्न विचारला नाही, पगार विचारला नाही, एक ठेका धरला आणि म्हणाले, "ह्याच्यावर टाळी वाजवा." मी वाजवली. ते बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. मग आत जाऊन आईला म्हणाले, "ताल न्हाई, पण माणूस बरा हाय." एवढ्यावर लग्न ठरलं. ते मला दाजी म्हणायचे, मी बायकोच्या मागोमाग त्यांना दादा म्हणू लागलो.

दादा आमच्याच कंपनीत लेथवर होते आणि मी टाइम ऑफिसात हजेरीचा कारकून. पण लेथ हा त्यांचा पोटाचा धंदा. जीव होता ट्रॉम्बोनवर. नळी पुढंमागं सरकवून वाजवायचं ते पितळी वाद्य त्यांना खडकीतल्या एका म्हाताऱ्या गोवेकर बँडमास्तरनं शिकवलं होतं, आणि त्याच्यासोबत जॅझ नावाचं वेडही लावून दिलं होतं. दहा बाय दहाच्या खोलीत नळी पूर्ण सोडली की ती दारातून बाहेर गॅलरीत जायची. शेजारपाजारचे लोक पाण्याच्या कळश्या घेऊन जाताना सवयीनं वाकायचे. नवा पाहुणा आला की त्याच्या बरगडीला बसायचीच. "बघून चालावं माणसानं," दादा आतून म्हणायचे आणि पुढं वाजवायचे.

त्यांनी चौदा जणांचा बँड उभा केला होता. सगळे कामगार, कुणी मशीन शॉपचा, कुणी पेंट शॉपचा, दोघे स्टोअरचे. जयंतीच्या मिरवणुकीत वाजवून वाजवून तयार झालेले ओठ होते. सुपाऱ्या लग्नाच्या घ्यायच्या, गाणी सिनेमाची वाजवायची, पण दादा त्या गाण्याखाली असे काही भलतेच सूर पेरायचे की नवरदेवाची घोडीसुद्धा पाय उचलून विचारात पडायची. पुनावळ्याच्या एका वरबापानं वैतागून विचारलं होतं, "मास्तर, हे लग्नाचंच हाय ना?" त्यावर दादांनी शांतपणे सांगितलं, "लग्नाचंच. पण पुढच्या वीस वर्षांचं धरून."

खरी अडचण वेगळीच होती. चौदा माणसं आणि पाळ्या तीन. आठवड्याला पाळी बदलायची आणि चौदाच्या चौदा एका वेळी मोकळे असं कधी घडायचंच नाही. मग दादा काय करायचे, तर जॉब कार्डाच्या पाठकोऱ्या बाजूवर प्रत्येकाची ओळ लिहायचे. ओळीपुढं वाद्याचं नाव नाही, माणसाचं. मारुती. शंकर. थोरला डिसोझा. माणूस बघून सूर लिहायचे, कोणाचा दम किती, कोण घाबरतो, कोण उगाच पुढं पळतो, सगळा हिशेब धरून. आणि तालमीला जे हजर असतील त्यांनी आपापलं वाजवायचं, बाकीच्यांच्या जागा मोकळ्या सोडायच्या, पण मोजायच्या मात्र. मी एकदा तालमीला बसलो होतो. मधेच सगळे गप्प. बराच वेळ गप्प. मी म्हटलं, "दादा, इथं काहीच वाजत नाही?"

"वाजतंय की. इथं मारुती वाजवतोय. त्यो आत्ता दुसऱ्या पाळीला हाय." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "सूर कुठं जात न्हाई, दाजी. माणसं पाळीला जात्यात."

मी हसलो होतो. पण त्या वर्षी त्यांचे वरचे पुढचे दोन दात हलायला लागले आणि माझं हसू मावळलं. चिंचवडच्या डॉक्टरनं सांगितलं, काढावेच लागतील. ट्रॉम्बोन ओठांनी वाजतो खरा, पण ओठ टेकतात दातांवर. दात गेले की वाजवणं संपलं. दादांनी डॉक्टरांकडून खंडेनवमीपर्यंतची मुदत मागून घेतली. कारण वर्षातून तेवढ्याच एका दिवशी सगळ्या पाळ्या एकत्र कंपनीत यायच्या. मशिनींना झेंडू, नारळ, बायकापोरं नटूनथटून, काम बंद. कंपनीतल्या एका साहेबांकडं टेपरेकॉर्डर होता, मोठ्या चकत्यांचा. त्यांची बदली झालेली, संध्याकाळच्या गाडीनं ते निघणार होते. त्याआधी कँटीनमध्ये दादांच्या चार रचना टेप करायच्या. चौदा माणसं, एकत्र, एकदाच.

मला त्यांनी एकच काम दिलं. "साडेतीनचा पाळी सुटायचा भोंगा तेवढा बंद ठेवा." भोंगा घड्याळाला जोडलेला आणि खटका टाइम ऑफिसात. माझ्या टेबलापासून चार पावलांवर.

तीन रचना झाल्या. चौथी सुरू झाली तेव्हा मी कँटीनमधून खटक्याकडं जायला उठलो. पण ही तीच रचना होती जी मी भोकाभोकांची ऐकली होती. आणि आता ती भोकं भरत होती. मारुतीच्या जागी खरोखर मारुती वाजवत होता. मला तालातलं शष्प कळत नाही, पण माझ्या अंगावर काटा आला आणि मी उभ्या जागी खटका विसरलो.

साडेतीनला भोंगा झाला. आणि तेरा माणसांनी, बोलूनचालून वीस वर्षांची सवय, वाद्यं खाली ठेवली. थोरल्या डिसोझानं तर डबा उचलला. खुर्च्या सरकल्या. दादांचा हात हवेत तसाच राहिला. टेप फिरत होती.

दादांनी ट्रॉम्बोन तोंडाला लावला आणि भोंग्याचाच सूर धरला. पांढरी चार. भोंगा बंद होताना सूर खाली घसरत जातो ना, तशी त्यांची नळी हळूहळू पुढं सरकत गेली, दोघे बरोबरीनं खाली उतरले. भोंगा थांबला. दादा थांबले नाहीत. तिथूनच त्यांनी मूळ धून उचलली. एकटेच. आधी मारुती खाली बसला, मग शंकर, मग डबा ठेवून डिसोझा, आणि एकेक जण परत आत आला.

दुसऱ्यांदा करायला वेळ नव्हता. साहेब टेप दादांच्या हातात देऊन स्टेशनला गेले. मी आठ दिवस दादांचं तोंड चुकवलं. शेवटी बायकोनंच मला डॉक्टरकडं त्यांच्यासोबत धाडलं. येताना त्यांच्या तोंडात कापसाचे बोळे. मी रस्त्यात म्हटलं, "दादा, खटका माझ्याकडून राहिला. मी ऐकत उभा राहिलो." त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही घरापर्यंत तसेच चालत आलो.

त्यानंतर त्यांनी वाजवलं नाही. कवळी बसवली, ट्रॉम्बोन खुंटीला गेला, शेजारी गॅलरीतून ताठ चालू लागले. निवृत्त होऊन चिखलीला परत जाताना त्यांनी मला ती टेप आणि चौथ्या रचनेची जॉब कार्डं दिली. चौदा होती ती आता पंधरा झाली होती. शेवटच्या कार्डावर एकच लांब सूर काढलेला, खाली उतरत जाणारा. पुढं नाव: दाजी. खाली बारीक अक्षरात: ह्यांनी मोजू नये, ऐकत उभं राहावं.

मला रडू आलं, लपवण्यात अर्थ नाही. दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. खंडेनवमीला मी ती टेप लावतो, आणि माझी जागा जवळ आली की उठून उभा राहतो.