बावन्नच्या वेगाची गाणी

सीडी बर्न करताना कॉम्प्युटरने वेग विचारला, तेव्हा मी यादीतला सगळ्यात मोठा आकडा निवडला, बावन्न. मोठा आकडा म्हणजे चांगलाच, इतकी मी त्या काळी हुशार होते.

सीडीवर श्रावणातल्या कानबाईच्या सणाला सासूबाई म्हणायच्या ती गाणी होती. त्यांना गाताना दम लागू लागला होता. पुढच्या श्रावणात त्या गातील याची खात्री नव्हती, म्हणून मी ती रेकॉर्ड करून घेतली होती आणि नणंद ती सुरतला नेणार होती. तिची बॅग दारात आली, धुळ्याच्या स्टँडवरून गाडी सुटायची वेळ होत आली, तेव्हा मी सीडी आमच्या जुन्या प्लेअरमध्ये लावली. ती पहिल्याच कडव्यात अडकली आणि एकच शब्द घोकत बसली.

"वहिनी, एवढंच नेऊ का?" नणंद म्हणाली.

मुलाने दुसरी सीडी घालून वेग आठवर आणला. "आई, जुन्या प्लेअरला सावकाश लिहिलेलीच चालते. आता माउसला हात लावू नकोस."

मग मी ओट्याशी गेले, पडद्यावरची पट्टी बघायला परत आले, पुन्हा ओट्याशी गेले. तिथे काहीच शिजत नव्हतं.

दुसरी सीडी कुठेच अडखळली नाही. प्रत्येक कडवं स्वच्छ, आणि प्रत्येक कडव्यामागून माझा आवाजही तितकाच स्वच्छ: "आई, पुढचं म्हणा, लवकर."

सीडी बॅगेत ठेवताना नणंद हसत होती. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गानं मन्हं शे, पन ऐकू तुन्हीच घाई येस."