ईस्टरपर्यंतचं पाणी

उपकारस्तुतीच्या सणाला आमची मंडळी शेतातलं पहिलं पीक घेऊन येते. भाताच्या लोंब्या, नागलीची कणसं, भोपळे, काकड्या, एखादी पाय बांधलेली कोंबडी. वेदीपुढे पाय ठेवायला जागा उरत नाही. नवापूर तालुक्यातल्या या गावात मी पाळक म्हणून नवा आलो, तेव्हा हे बघून मला भरून यायचं. अलीकडे भोपळे कुठे रचायचे याची काळजी आधी लागते. वय साठीला टेकलंय, गुडघे बोलतात, आणि त्याच सणाला नवं काय सांगायचं हे सुचेनासं झालंय.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका सणाला उपदेश सृष्टीवर होता. पाळकांच्या सभेत तसं ठरलं होतं, की पावसाळा सरताना महिनाभर उपासनेत झाडं, पाणी, माती यांच्यासाठी देवाचे आभार मानायचे आणि त्यांची राखण करायला लोकांना सांगायचं. मी सांगितलं. डोंगर त्याचे, ओढे त्याचे, आपण नुसते राखणदार. लोक शांत बसून होते. बाहेर डाळ शिजत होती आणि पुष्कळांचं नाक तिकडे होतं. माझंही होतं.

जेवणं उरकली. थर्माकोलची ताटं आणि प्लॅस्टिकचे पेले नेहमीसारखे मागच्या नाल्यात गेले. कोणी ते ठरवून करत नाही. चर्चच्या मागे उतार आहे, खाली नाला आहे, हात आपोआप तिकडे वळतो.

मी पायरीवर बसलो होतो, तेव्हा एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल. तिची आई या गावात अगदी सुरुवातीला बाप्तिस्मा घेतलेल्यांपैकी होती. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आई वारली होती. मुलगी दर रविवारी मागच्या सतरंजीवर बसायची, सगळी गाणी तिला पाठ होती, पण बाप्तिस्मा तिनं कधी मागितला नव्हता. विचारलं की हसून विषय बदलायची. त्या दिवशी ती आपण होऊन म्हणाली की ऊसतोडीहून परत आले की ईस्टरला मला बाप्तिस्मा द्या.

मला बरं वाटलं. मी म्हटलं, टाकी धुऊन घेऊ. कारण बरीच वर्षं आम्ही चर्चच्या अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत बाप्तिस्मा देतो. नाला पूर्वी उन्हाळ्यापर्यंत वाहायचा, आता नाताळ आला की कोरडा पडतो.

ती मान हलवून म्हणाली, टाकीत नाही. आई नाल्यात उतरली होती, मीही नाल्यात उतरणार.

"ईस्टरला नाल्यात पाणी कुठलं?" मी म्हणालो.

"मग राखून ठेवा." ती इथल्या मावची बोलीत बोलली, अगदी साधेपणानं. मग उताराकडे बघितलं. "आणि ती ताटंही काढा. त्यांच्यात नाही बुडणार मी."

मला राग आला, हे खरं. तोही थकलेल्या माणसाचा राग, पटकन विझणारा. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भांडी पुसत होती. ती म्हणाली, "अहो, तुम्हीच तर सकाळी सांगितलंत राखण करा म्हणून. तिनं ऐकलं एवढंच."

आमच्याकडे दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. गुजरातेतून ट्रक येतात, टोळ्या बारडोलीकडे उसाला जातात, आणि कोयता घेऊन गेलेली माणसं उन्हाळ्यातच परततात. मागे म्हातारे आणि शाळेतली मुलं. म्हणजे पाणी अडवायला नाल्यात बंधारा घालायचा तर हात गावात आहेत तोवरच. मी नवापूरला एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे रिकाम्या गोण्या मागायला गेलो. तो नंदुरबारकडचा, अहिराणी बोलणारा. कशासाठी म्हणून विचारलं. मी सांगितलं, देवाच्या कामासाठी, नाला अडवायचाय. तो गोदामात पडून असलेल्या गोण्यांच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला, "लई जा बाबा, आठे नुसत्या पडेल शेतस."

पुढच्या रविवारची उपासना नाल्यात घ्यायची असं मी जाहीर केलं, तेव्हा एका वडीलजनानं विरोध केला. मंडळीच्या पंचांत सगळ्यात जुना माणूस तो. नाल्याला लागूनच त्याचं शेत. त्याचं म्हणणं, रविवार विसाव्याचा दिवस आहे, त्या दिवशी पाटी-फावडं हातात घ्यायचं हे कुठल्या शिकवणीत बसतं? शिवाय पाणी तुंबलं तर त्याच्या बांधाला ओल लागेल. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी वाद घातला नाही. वाद घालण्याइतकं बळच नव्हतं.

रविवारी लोक आले. दगडांवर बसून गाणी झाली, प्रार्थना झाली. उपदेश मी केलाच नाही. त्याऐवजी सगळ्यांनी आधी ताटं गोळा केली. जुनी, नवी, चिखलात रुतलेली, करंजाच्या मुळांत अडकलेली. वरचा थर काढला की खालून मागच्या सणांची निघत होती. आपल्याच आभाराच्या जेवणाचा हा ढीग आहे हे सगळ्यांना दिसत होतं. मग गोण्यांत वाळू भरायला लागलो. ती बाई सगळ्यांच्या पुढे होती. पदर खोचून गोणी उचलायची आणि खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर बसवायची. काम अर्ध्यावर आलं आणि संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी ट्रक आले. ती गेली, तिचा नवरा गेला, निम्मी मंडळी गेली.

उरलेला बंधारा मी, माझी बायको आणि काही म्हाताऱ्या बाया मिळून थोडा थोडा रचत होतो. एका सकाळी ओली गोणी उचलताना माझ्या कमरेत अशी कळ आली की मी तिथेच वाळूत आडवा झालो. चिंचपाड्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हाडं शाबूत आहेत, पण झोपून राहा. मी छताकडे बघत पडून राहिलो. खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. कोणी काही मागत नव्हतं.

तिथे तो वडीलजन मला भेटायला आला. टोपी मांडीवर ठेवून बराच वेळ बसला. पिकाचं बोलला, सुनेच्या तापाचं बोलला. मग उठताना म्हणाला, "पाणी अडलंय. तुम्ही झोपा."

त्यानं नातवंडांना घेऊन बंधारा पुरा केला होता, वरून चिकणमाती लिंपली होती. का, ते त्यानं सांगितलं नाही.

नाताळला नाल्यात पाणी होतं. दवाखान्यातून आल्यावर मी एक नेम धरला: उपासनेचा शेवटचा आशीर्वाद चर्चमध्ये न देता सगळ्यांनी उतरून नाल्यावर यायचं आणि तिथे द्यायचा. म्हातारी माणसं कुरकुरत काठीच्या आधाराने यायची. पाण्यावर खंड्या बसायला लागला. बाया धुणं आणायला लागल्या, त्यांना साबण खालच्या अंगाला लावा म्हणून सांगावं लागलं. दर रविवारी पाणी थोडं मागे सरकलेलं असायचं आणि काठावर ओल्या चिखलाची नवी रेघ दिसायची. आशीर्वादाला हात उचलायचे आणि डोळे मात्र त्या रेघेवर. अशी प्रार्थना माणसाला दमवते.

होळीनंतर ऊन तापलं. वडीलजनाची मोटर बंधाऱ्याच्या पाण्यात होती, वर त्याचा उन्हाळी भुईमूग. मला ते दिसत होतं. पण बंधारा पुरा केला तो त्यानंच, आता त्याला कोणत्या तोंडानं सांगू? शेवटी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादानंतर सगळे वर गेले, तो मागे राहिला. मी उतारावरून वळून बघितलं. तो पाईप ओढून काढत होता. त्या वर्षी त्याचा भुईमूग निम्म्याहून जास्त करपला. घरात त्यावरून बोलाचाली झाली, हे मला नंतर त्याच्या सुनेकडून कळलं.

ती बाई ईस्टरच्या आदल्या दिवशी आली. उसाच्या पात्यांनी हात चिरलेले, गालफडं बसलेली, आवाज बसलेला. सकाळी आम्ही नाल्यात उतरलो. पाणी एकाच खोलगटीत उरलं होतं, तेही गुडघ्याएवढं. वर शेवाळ, काठावर गुरांच्या खुरांचे ठसे. तिनं बराच वेळ पाण्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही टाकीच बरी म्हणणार.

"आई उतरली तेव्हा किती होतं?" तिनं वडीलजनाला विचारलं.

"छातीपर्यंत," तो म्हणाला. "मी काठावर होतो."

ती पाण्यात जाऊन बसली. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं तो, असं धरून आम्ही तिला मागे टेकवलं. तेवढ्या पाण्यात माणूस पूर्ण बुडायला आडवंच व्हावं लागतं. तळाचा गाळ उठला, क्षणभर तिचा चेहरा दिसेनासा झाला. वर आली तेव्हा खोकत होती, केसांत शेवाळ होतं. बायांनी गाणं धरलं. माझे गुडघे गाळात रुतले ते निघेनात. शेवटी वडीलजनानंच मला काखेत हात घालून उभं केलं, आणि आम्ही दोघं म्हातारे धापा टाकत एकमेकांना धरून तसेच उभे राहिलो.

पावसाळ्यात पहिल्याच पुरानं गोण्या नेल्या. तेव्हापासून दर वर्षी बंधारा घालतो, दर वर्षी तो वाहून जातो. सणाला आता पळसाच्या पत्रावळी असतात. एका वर्षी घाईत पुन्हा थर्माकोल आलं, पुन्हा वेचलं. एकदा पाणी होळीलाच संपलं आणि ईस्टरला कोरड्या खड्ड्याशी उभं राहून आशीर्वाद दिला. वडीलजन आता फारसं चालू शकत नाही. ती बाई गेल्या वर्षी गुजरातेतून आलीच नाही, तिकडेच एका वीटभट्टीवर काम धरलंय म्हणतात.

यंदाचा बंधारा मागच्या रविवारी झाला. माणसं कमी होती. मी गोण्या उचलल्या नाहीत, नुसती त्यांची तोंडं शिवली, तरी हात भरून आले. घरी येऊन खाटेवर टेकलो तो डोळाच लागला. जाग आली तेव्हा बाहेर दिवेलागण झाली होती आणि चर्चमधून गाण्याचा आवाज येत होता. संध्याकाळची प्रार्थना बायकोनं सुरू केली होती. उठून जावं असं वाटलं. मग कूस बदलली आणि पडल्या पडल्याच ऐकत राहिलो.