स्टेपनीवरचे लाखेचे सील

माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, वाटेच्या प्रकरणाची तारीख वेल्ह्याच्या तहसील कचेरीत लागली होती. त्या दिवशी तिने जातीने हजर राहून जबाब दिला नसता, तर प्रकरण निकाली निघाले असते आणि तिच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची पायवाट कायमची बंद झाली असती. ती विधवा आहे. एक म्हैस आणि तिचे दूध एवढाच तिचा आधार. चुलत दिराने बांधावर दगड रचून व काटेरी फांद्यांची फेसाटी लावून वाट अडवल्यापासून ती दुधाची किटली ओढ्यातून फिरून रस्त्यावर आणत होती. पावसाळ्यात ओढा भरला म्हणजे तेही बंद, आणि मग म्हैस विकण्यावाचून गत्यंतर नव्हते. हे सर्व मीच अर्जात लिहिले होते, त्यामुळे ते मला तोंडपाठ आहे.

भोरच्या कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये माझे टेबल आहे. शाळा नववीत सुटली; परंतु या भागातील किती फेरफार, किती वारसनोंदी आणि किती हरकती माझ्या वाक्यरचनेवर उभ्या आहेत, याची कल्पना पदवी घेतलेल्यांना नाही. वेल्हे तालुक्याला आता कागदोपत्री राजगड म्हणावे लागते, हेही मी पक्षकारांना समजावून सांगतो. या व्यवसायाने मला एक गोष्ट शिकवली. माणूस शब्द फिरवतो. म्हणून वस्तूवर खूण, कागदावर सही आणि पाकिटावर सील असल्याखेरीज कशावरही विश्वास ठेवू नये.

गाडीच्या बाबतीतही माझे धोरण हेच आहे. गाडी जुनी, पांढरी, दुसऱ्याच्या हातून घेतलेली. तिचे ऑइल बदलायचे असले की मी गॅरेजमध्ये उभा राहतो. ऑइलचा डबा माझ्यासमोर फोडायचा, फिल्टर काढला की जुना माझ्या पिशवीत टाकायचा, ब्रेकचे लायनर बदलले की झिजलेले मला दाखवायचे. गॅरेजवाला तोंडाळ आहे.

"भाऊसाहेब, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

"उजेडातच सगळे व्हावे म्हणून तर उभा आहे."

"जुनं आईलबी घरी नेणार का? भाजीला न्हाई चालायचं."

मी हसलो नाही. हसणारा माणूस गाफील असतो.

एकदा मात्र मला कामामुळे गाडी त्याच्याकडे सोडून यावे लागले. सायंकाळी गाडी घरी आणली, डिकी उघडली, आणि स्टेपनीकडे पाहताच मनात पाल चुकचुकली. माझ्या स्टेपनीची नक्षी इतकी झिजलेली नव्हती. रबराच्या कडेलाही बारीक भेगा दिसत होत्या. चारही चाकांकडे आपण रोज पाहतो, परंतु पाचव्याकडे कोण पाहतो? बदलणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते. मी गॅरेजवाल्याला विचारले. तो म्हणाला, "तुमचीच हाय, भाऊसाहेब. म्हातारी झाली, आता तुमी वळखना." माझ्याकडे पुरावा नव्हता. कारण स्टेपनीवर माझी खूण नव्हती.

ती उणीव मी त्याच आठवड्यात दूर केली. मृत्युपत्राची पाकिटे बंद करण्यासाठी माझ्याकडे लाल लाख आणि माझ्या आद्याक्षरांची पितळी मोहोर असते. स्टेपनी मी साखळीने बांधली व कुलूप घातले. त्यानंतर लाख मेणबत्तीवर वितळवून हवा भरण्याच्या व्हॉल्व्हच्या टोपणावर, अगदी बुडापर्यंत, भरपूर ओतली आणि वर मोहोर उठवली. आता कोणी टायर उतरवायचा म्हटले तर आधी हवा सोडावी लागणार, हवा सोडायची तर टोपण काढावे लागणार, आणि टोपण काढले की सील तुटणार. एखाद्या करारनाम्यातील कलमांसारखी ही व्यवस्था एकात एक अडकलेली होती.

पुढच्या वेळी गॅरेजवाल्याने चार चाकांत हवा भरली आणि डिकी उघडून उभा राहिला.

"भाऊसाहेब, हे काय वो? स्टेपनीला मूळव्याध झाली का?"

"ते सील आहे. हात लावू नका."

"मग हवा कशी बघायची?"

"वापरलीच नाही, तर हवा जाईल कुठे?"

"बरं बाबा. न्हाई लावत हात. उद्या पंचनाम्याला बोलवाल."

त्यानंतर कोणीही स्टेपनीला हात लावला नाही. खंडेनवमीला गाडी धुऊन झेंडूची माळ घातली, तेव्हा माझ्या पत्नीने चारही चाकांना हळदकुंकू लावले आणि डिकीतील त्या लाल सीलालाही लावले. सील जसेच्या तसे होते, आणि मी निश्चिंत होतो.

तारखेच्या आदल्या दिवशी मी आक्काला भोरला आणून ठेवले होते. जबाब तिच्या तोंडी बसवायचा होता. सकाळी लवकर निघालो. कापूरहोळला हायवेला लागलो, नसरापूरवरून वेल्ह्याच्या रस्त्याला वळलो, तरी जबाबाची उजळणी चालूच होती.

"म्हण, सदर वाट माझ्या सासऱ्यांच्या हयातीपासून निर्वेध वहिवाटीत आहे."

"सदर वाट सासऱ्यांच्या... पुढं काय म्हणालास?"

"निर्वेध. म्हणजे अडथळ्याविना."

"आरं, पर अडथळा तर हाय की. त्याच्यासाठीच चाललोय ना आपण?"

"आधी नव्हता, असे म्हणायचे आहे."

"मग तसंच म्हणते. तुजं ते निर्वे काय ते मला न्हाई जमत, बाबा. जिभंला खडा लागतो."

तिच्या गावाचा फाटा मागे पडला आणि थोड्याच अंतरावर गाडी डावीकडे ओढू लागली. उतरून पाहिले तर पुढचे डावे चाक बसलेले. रबरात एक जाड खिळा रुतला होता. बैलाच्या नालेला मारतात तसा. मी तो निरखून पाहिला. तिच्या दिराकडे बैलजोडी आहे. तारखेच्या दिवशी, त्याच्या गावच्या फाट्याजवळ, आमच्याच चाकाखाली बैलाच्या नालेचा खिळा यावा, हा योगायोग मान्य करण्याइतका मी कच्चा नाही.

"खिळ्याकडं काय बघत बसलास?" आक्का म्हणाली. "चाक बदल. साहेब बसतील तिकडं."

मी डिकी उघडली. सर्वप्रथम सील तपासले. अक्षरन् अक्षर शाबूत होते. मग कुलूप काढले, साखळी सोडली, स्टेपनी खाली घेतली; आणि ती डांबरावर टेकताच भाकरीसारखी पसरली. अंगठा दाबला, तर रबर आत गेले. सील अभंग होते आणि आत हवेचा पत्ता नव्हता.

आक्काने माझ्या तोंडाकडे पाहिले, मग स्टेपनीकडे.

"पत्र आत हाय का तपासायचं तर लोक पाकीट फोडत्यात. तू नुसतं पाकीट संभाळत बसलास."

मी उत्तर देणार तोच मागून जीप आली आणि थांबली. आत तिचे चुलत दीर, म्हणजे या प्रकरणातील जाब देणारे, आणि मागे गावातील चारपाच माणसे दाटीवाटीने बसलेली. साक्षीदारच असणार, हे मी ओळखले.

"काय झालं, पाव्हणं?" दीर खाली उतरले.

"ते तुम्हीच सांगावे." मी खिळा त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि हसले. "बैलाच्या नालेचा हाय. पर सगळ्या खोऱ्यात बैल काय माझ्याच गोठ्यात हाईत व्हय? लावा स्टेपनी. व्हा पुढं."

"स्टेपनीबी बसलीया," आक्का मध्येच म्हणाली. आपल्या बाजूचे वैगुण्य विरुद्ध पक्षासमोर उघड करू नये, हा साधा नियम तिला कधीच कळला नाही.

"मग हाय की पंप माझ्याकडं. भरून देतो." त्यांनी सीटखालून पायपंप काढला. स्टेपनीवरची लाख पाहून मात्र ते थबकले. "ह्ये काय लावलंय? नजरंला का?"

मी मोहोर स्वतःच्या हाताने फोडली. त्यांना फोडू दिली नाही. टोपणाला पकड लावून पीळ दिला, तर टोपणाबरोबर व्हॉल्व्हची रबरी नळीच बुडातून चिरत आली. आता पंप लावायला जागाच उरली नाही. जीपमधली माणसे माना लांब करून पाहत होती.

"वहिनी, चला बसा," दीर म्हणाले. "पुढं एक जागा हाय. पाव्हणं, तुमच्यापुरती जागा न्हाई बगा, न्हाईतर तुमालाबी घेतलं असतं."

जागा एकच शिल्लक असणे, तीही तिच्यापुरती, हेही मला खटकले. मी आक्काला बाजूला घेतले.

"विरुद्ध पक्षाच्या गाडीत बसायचे नसते. वाटेत गोड बोलून तुझ्याकडून काहीतरी कबूल करून घेतील."

"न्हाई गेले तर निकाल लागंल म्हणतोस. गेले तर फसवत्याल म्हणतोस. मग मी काय हितंच हुबी ऱ्हाऊ?"

"गेलीस तर गाडीत एक शब्द बोलू नकोस."

"दीर हाय माझा. एवढा रस्ता त्वांड शिवून बसू व्हय? त्येच्या म्हाताऱ्या आयच्या गुडघ्याचं तरी इचारीन."

आणि ती जीपमध्ये बसून गेली. कागदांची फाइल मी माझ्याजवळच ठेवली. विरुद्ध पक्षाच्या वाहनातून ती पाठवणे शक्य नव्हते. त्या रस्त्यावर उभा राहून मला एकच चित्र दिसत होते. ते लोक तिला कचेरीऐवजी भलतीकडे नेतात, पुकारा होतो, ती गैरहजर राहते, आणि माझ्या लेखणीचे प्रकरण एका चाकापायी बुडते.

दुधाचा टेम्पो आला, त्यात दोन्ही चाके घालून मी पुढच्या गावातील पंक्चरच्या दुकानात पोहोचलो. दुकानदाराने व्हॉल्व्हचा तुकडा नाकाशी धरून हुंगला आणि म्हणाला, "रबर करपलंय. गरम काय ओतलं व्हतं?" मी म्हणालो, "ते प्रस्तुत नाही. पंक्चर काढा आणि नवा व्हॉल्व्ह बसवा." हवा हळूहळू गेली असेल, हे मला मान्य आहे. परंतु खिळा कोठून आला, याचे उत्तर करपलेल्या रबरातून मिळत नाही.

परत येऊन चाक गाडीला बसवले आणि वेल्ह्याला पोहोचलो, तेव्हा कचेरीसमोरच्या टपरीवर आक्का आणि तिचे दीर एकाच बाकावर चहा पीत बसलेले दिसले.

"पुकारा झाला?"

"झाला की. जबाबबी झाला."

"काय सांगितलेस? निर्वेध म्हणालीस?"

"म्या म्हणाले, साहेब, मी वढ्यातनं जाईन एक येळ, पर माझ्या म्हशीला दगडावरनं उडी मारता येत न्हाई. साहेब हसलं. ह्येबी हसलं. मग साहेबांनी ह्यास्नी इचारलं, वाट मोकळी करता का? ह्ये व्हय म्हणालं."

इतके सहज? महिनोन् महिने दगड रचून बसलेला माणूस जीपच्या एका फेरीत व्हय म्हणतो, तेव्हा त्याच्या व्हयमागे काय आहे हे पाहणे माझे कर्तव्य होते. मी आत जाऊन तडजोडीचा मसुदा मागितला. सही व्हायची होती. मजकूर तेथल्याच एका लेखनिकाचा, बेताचाच. वाचता वाचता मी थांबलो. लिहिले होते: सदर वाट माणसे व गुरे यांच्या येण्याजाण्यासाठी खुली राहील.

मी बाहेर येऊन दोघांसमोर कागद धरला. "यात वाहन नाही. माणसे आणि गुरे, एवढेच. उद्या दारापर्यंत टेम्पो न्यायचा झाला, दवाखान्यात न्यायला गाडी आणायची झाली, तर हे पुन्हा दगड रचतील."

आक्काने प्रथमच दिराकडे नीट पाहिले. "व्हय का वो? गाडी न्हाई येऊ देणार?"

"माझ्या मनातबी न्हाई ते, वहिनी," दीर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पाव्हणं, तुमची गाडी आदी रस्त्यावर तर नीट चालू द्या, मग दारातलं बगू."

टपरीवरचे सगळे हसले. मी म्हणालो, "शब्द घालणार की नाही?"

"घाला की. वाहन घाला, आभाळातलं इमान घाला."

मी वाहन घातले. बैलगाडी, चारचाकी व टेम्पोसह. त्यांनी वाचूनही न पाहता सही केली. न वाचता सही करणारा माणूस एक तर भोळा असतो, नाही तर त्याचा बेत कागदाबाहेरचा असतो. यांपैकी ते कोण, हे मला आजतागायत ठरवता आलेले नाही. जीपमध्ये काय बोलणे झाले, हे मी आक्काला अनेकदा विचारले. ती म्हणते, म्हातारीच्या गुडघ्याचे.

स्टेपनीच्या व्यवस्थेत मी योग्य तो बदल केला. लाख आता साखळीच्या गाठीवर असते, व्हॉल्व्ह मोकळा. चार चाकांची हवा पाहिली की पाचव्याचीही पाहतो, आणि ती मोजण्याचे मीटर स्वतःचे घेतले आहे, कारण दुसऱ्याचे मीटर कोणाच्या बाजूने बोलेल, हे सांगता येत नाही.

नंतरच्या रविवारी मी गाडी घेऊन आक्काकडे गेलो. दगड काढलेले होते. फेसाटी एका बाजूला ओढून ठेवली होती. आक्का दारात उभी होती आणि दीर वाटेच्या मधोमध उभे राहून दोन्ही हातांनी खुणावत होते. "येऊ द्या, पाव्हणं. येऊ द्या. लई जागा हाय."

मी गाडी रस्त्यावरच थांबवली, खाली उतरलो आणि दारापर्यंतची वाट, मान खाली घालून, आधी पायी चालून पाहिली.

"काय हुडकतोस रं?" आक्काने विचारले.

"काही नाही," मी म्हणालो, आणि गाडी आणायला परत फिरलो.