शेवटची भिंत

"मेन स्विच काऊन बंद केला वो माय?" माझा दोस्त एवढ्यानं ओरडला, की बल्लारपूर स्टेशनातली मालगाडी दचकून थांबली असावी.

त्या उड्यांच्या व्हिडिओ गेममध्ये खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. म्हणून तापल्या अडॅप्टरला पुठ्ठ्यानं वारा घालत आम्ही तो कालपासून चालूच ठेवला होता. केसभर आधी उडी मारली की माणूस काट्यांवर पडे. सारा मोहल्ला गेमला बेइमान म्हणे. दोस्त म्हणे, "गेम इमानदार आहे बे, आपलं बोटच घाई करते."

शेवटची भिंत तेवढी उरली होती. पण दोस्ताचे वडील वारल्यानं त्या मायलेकांना नोकरीतलं क्वार्टर सोडावं लागत होतं, आणि निघताना मायनं घराची लाइट बंद केली.

"मामाच्या गावी पोचला की पुन्हा सुरू कर," मी म्हटलं.

"तिथी लाइट नाई."