कंधार तालुक्यातली आडवी बाटली

माणसाला विवेक वयाच्या पंचविसाव्या वर्षी प्राप्त होतो. हे वचन उपनिषदातलं नाही. नांदेड स्टेशनातून बाहेर पडल्यावर रस्त्यापलीकडे दारूचं एक दुकान लागतं, त्याच्या फलकावर ते जरा वेगळ्या शब्दांत रंगवलेलं आहे: पंचवीस वर्षांखालील व्यक्तीस मद्य विकले जाणार नाही. त्याखाली बारीक अक्षरांत, सौम्य बिअरसाठी एकवीस. म्हणजे विवेक एका दमात येत नाही. आधी बिअरपुरता येतो, मग मधली चार वर्षं वाट पाहायला लावून व्हिस्कीपुरता. आमदार-खासदार निवडण्यापुरता मात्र तो अठराव्या वर्षीच आलेला असतो. त्या कामाला बहुधा फारसा लागत नाही.

जानेवारीतली सकाळ होती. गोदावरीवरून धुकं उठून गावात शिरलं होतं आणि दुकानं, हातगाड्या, शाल पांघरलेली माणसं सगळी कुणीतरी अर्धवट पुसून ठेवल्यासारखी दिसत होती. गाडीत माझ्यासमोर देगलूरचे एक गृहस्थ बसले होते. त्यांची धाकटी लेक सीमेपलीकडे तेलंगणात दिलेली. त्यांनी मला सांगितलं होतं, की पलीकडे हीच मर्यादा सरसकट एकवीस आहे आणि त्यांच्या धाकट्या जावयाला सासुरवाडीला आलं की आपण लहान झाल्यासारखं वाटतं. तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढे एक शेत तरळत होतं. देगलूरच्या पुढचं, तुरीचं. त्याच्या बांधावरून तेवीस वर्षांचा एक तरुण पाऊल टाकतो आणि सज्ञान होतो, पाऊल मागे घेतो आणि पुन्हा पोर होतो. तूर दोन्हीकडे सारखीच.

रिक्षावाले मियाँ साठीच्या पुढचे होते. दुकानात कुणी वय विचारतं का, असं मी त्यांना विचारलं. एका बाईमाणसाने सकाळी सकाळी हा प्रश्न करावा याचं त्यांना काही वाटलं नाही.

"वय लग्नात विचारतेत, बाई. दुकानात सुट्टे विचारतेत."

मग त्यांनी आपल्याकडे रीतसर परवाना असल्याचं अभिमानाने सांगितलं. आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो आणि तो आरोग्य राखण्यासाठी दिलेला असतो, हे मी वाचलं होतं. तो खरोखर काढलेला माणूस पहिल्यांदाच पाहत होते. तब्येत त्यांची उत्तम होती. त्यांनीच मला एका टपरीवर सोडलं आणि तहारी (मसाल्याचा पिवळा भात) खाल्ल्याशिवाय कंधारच्या बसमध्ये बसू नका, असं बजावलं. ती इतकी गरम आणि तिखट होती की धुक्यातून जागी झालेली नांदेडमधली पहिली वस्तू मीच असेन.

पण बसमध्ये पुन्हा झोप आली. मराठवाड्यातली जानेवारीतली बस ही पाळण्याची मोठी आवृत्ती आहे. खिडकीबाहेर करडईची पिवळी-केशरी फुलं, मग हरभरा, मग ज्वारीची कणसं, मग पुन्हा करडई. मधूनच एखादं लिंबाचं झाड धुक्यातून पुढे यायचं, पाहून घ्यायचं आणि मागे सरायचं. मला एका फाट्यावर उतरायचं होतं. जाग आली तेव्हा कंधारच आलं होतं.

चूक झाली ती झाली म्हणून किल्ल्यापर्यंत चालत गेले. खंदकातल्या पाण्यावर ऊन नुकतं उतरत होतं. एवढी जाड तटबंदी कुणीही आत येऊ नये म्हणून बांधलेली, आणि तिच्यावरून एक शेळी निवांत पलीकडे गेली. मी खालून बघत होते, बहुतेक अजून झोपेतच. मग काळी-पिवळी जीप धरून उलट्या दिशेने फाट्यावर आले.

सुलोचना तिथे उभी होती. लातूरच्या कॉलेजात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. आता तिची इथे शेती आहे, दोन म्हशी आहेत आणि गावातल्या बायका तिला ताई म्हणतात.

"झोपलीस ना? वर्गात बी हेच करायचीस, विजे," ती म्हणाली.

तिने मला बोलावलं होतं ते मतदान पाहायला. दुसऱ्या दिवशी गावातल्या बायका सरकारमान्य देशी दारूच्या दुकानाचं भवितव्य ठरवणार होत्या. फाट्यापासून गावापर्यंत एकच रस्ता आहे आणि त्याच्या मध्यावर ते दुकान आहे, निळ्या पत्र्याचं. घरी जायचं तर त्याच्यासमोरूनच जावं लागतं. माझी पिशवी घ्यायला आलेला सुलोचनाचा मुलगा अनिकेत तिथून जाताना माझ्याशी जरा जास्तच बोलायला लागला आणि दुकान मागे पडल्यावर गप्प झाला.

अनिकेत बावीस वर्षांचा. पदविका झाली, नोकरी नाही, उन्हाळ्यापासून प्यायला लागला. सुलोचनाने हे मला चुलीपाशी धपाटे थापता थापता, आवाज न चढवता सांगितलं. हे दुकान बंद पाडण्यासाठी तीच घरोघर सह्या मागत फिरली होती. तिचे यजमान या भांडणात पडत नाहीत, कारण दुकान चालवणारा बालाजी आणि ते एकाच भजनी मंडळात आहेत. बालाजी मृदंग वाजवतो. गावाच्या नात्याने तो सुलोचनाचा भाऊ लागतो आणि दर भाऊबीजेला ती त्याला ओवाळते.

संध्याकाळी अनिकेत मला करडईचं शेत दाखवायला घेऊन गेला. ऊन तिरपं झालं होतं आणि फुलं विझत आलेल्या निखाऱ्यांसारखी दिसत होती. तो बांधावर उभा राहून म्हणाला, "मावशी, बंद झालं तर मलाच बरं होईल. ठरवून जात न्हाई मी. घरी येतानी पाय वळतेत."

 त्याला सांगायला चांगली वाक्यं पुस्तकांत मला पुष्कळ सापडली असती.

दुसऱ्या दिवशी फाट्याजवळच्या शाळेत मांडव, टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर थर्मास. तालुक्याहून आलेल्या अधिकाऱ्यांनी लोकशाहीवर छोटंसं भाषण केलं. मग पद्धत सांगितली. मतपत्रिकेवर दोन चित्रं: एक उभी बाटली, एक आडवी. दुकान हवं असेल तर उभीवर शिक्का, नको असेल तर आडवीवर. आजवर आपल्याकडे कमळं, पंजे, घड्याळं अशा वस्तू मतदानाला उभ्या राहिल्या. त्यांतली कुठली गोष्ट मतपत्रिकेवर इतकी सरळ आपल्या मूळ रूपात आल्याचं मला आठवत नाही.

एक अट होती आणि ती अधिकाऱ्यांनी शेवटी, घसा खाकरून सांगितली. पडलेल्या मतांची बहुसंख्या पुरत नाही. यादीत जेवढ्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून अधिकांनी आडवी बाटली मागितली, तरच दुकान बंद. जी आली नाही, ती उभ्या बाटलीच्या बाजूची.

हे ऐकून रांगेत कुजबुज झाली. यादीत कोण कोण होतं? ऊसतोडीला गेलेल्या बायका होत्या, त्या दिवाळीनंतरच कोयते घेऊन कर्नाटकात उतरलेल्या. लग्न होऊन उदगीर, औशाला नांदायला गेलेल्या लेकी होत्या. शिवाय ज्यांचं नाव कमी करायचं राहून गेलं अशा मेलेल्या बायका होत्या. सुलोचनाची सासू त्यांत होती. म्हातारी दारूला जन्मभर शिव्या घालत गेली. आता मरून दोन वर्षांनी तिचं मत बाटलीच्या पारड्यात पडणार होतं.

तरी बायका आल्या. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते, तेव्हा नव्या साड्या होत्याच. बालाजीची बायकोही ठेवणीतलं लुगडं नेसून रांगेत उभी राहिली. तिच्या पुढच्या-मागच्या दोघींनी तिला हळूच विचारून पाहिलं. ती म्हणाली, "गुप्त मतदान हाय. साहेबानं सांगितलं न्हाई का?" आणि तिळगूळ चघळत राहिली.

शाळेच्या पटांगणात चिंचेखाली मी दुपारभर बसून होते. बायका एकेक करून पडद्यामागे जात, बाहेर येताना पदर सारखा करत. कोंडाबाई नावाच्या सत्तरीच्या आजी बाहेर आल्या त्या विजयी मुद्रेने. त्यांनी येऊन सुलोचनाला सगळ्यांदेखत सांगितलं, की त्यांनी उभ्या बाटलीच्या बरोबर टाळक्यात शिक्का हाणला, चांगला दोन्ही हातांनी दाबून. जिला पाडायचं, तिच्याच डोक्यात हाणायला पाहिजे. जी आधीच पडली तिला कशाला मारायचं?

त्यांच्यामागे बसलेल्या आणखी तीन-चार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांनीही असंच केलं होतं. सुलोचनाने डोळे मिटून घेतले. मला मात्र त्या तर्कात खोट सापडेना, अजूनही सापडत नाही.

निकाल उन्हं कलताना लागला. पडलेल्या मतांत आडवी बाटली कितीतरी पुढे होती. पण यादीच्या निम्म्याला ती थोडक्यासाठी पोचली नाही. अधिकाऱ्यांनी दुकान सुरू राहील असं जाहीर केलं, महिलांच्या उत्साहाचं कौतुक केलं आणि थर्मास गाडीत ठेवायला सांगितला. कुणीतरी बालाजीसाठी फटाक्यांची माळ आणली होती. त्याने ती हातातून काढून घेतली आणि खिशात घातली.

अनिकेत शाळेच्या फाटकापाशी उभा होता. आईला पाहून तो वळला आणि शेताकडच्या वाटेने चालू लागला. त्या वाटेने घर लांब पडतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलोचनाने भाकरी केली, दूध काढलं, डोक्यावर पदर घेतला आणि मला म्हणाली, "चल." आम्ही रस्त्याला लागलो तशा घराघरांतून बायका येऊन मिळाल्या. घोषणा नव्हत्या. करडईवर दव होतं, पैंजणं आणि चपला वाजत होत्या, आणि ती सगळी मिरवणूक मला स्वप्नात चालल्यासारखी वाटत होती.

दुकान नुकतंच उघडलं होतं. बालाजीने खुर्ची पुसून पुढे केली. सुलोचना बसली नाही. तिने त्याच्या डोक्यावरच्या फलकाकडे बोट दाखवलं.

"बालाजी, त्यावर काय लिहिलंय, वाच."

"ताई, ते सरकारी हाय. सगळ्याच दुकानात असतंय."

"वाच तर."

त्याने वाचलं. पंचवीस वर्षांखालील. मग म्हणाला, की गावात कुणाला वय विचारायचं? सगळी आपलीच पोरं. शहरात ठीक आहे, तिथं अनोळखी गिऱ्हाईक येतं, कागद मागता येतो.

"म्हणूनच तर," सुलोचना म्हणाली. "तुला विचारायची गरजच न्हाई. अनिकेतच्या येळेला मला कंधारच्या दवाखान्यात कुणी नेलं?"

 गावात तेव्हा एकच जीप होती, बालाजीची.

"बारशाला जेवला कोण? कुंची कुणी आणली?"

"मीच आणली, ताई."

"मग सांग, किती वर्षांचा हाय तो."

त्यानंतर मागच्या बायका बोलायला लागल्या. कुणाचा गणेश डांबरी रस्ता झाला त्या साली झालेला. कुणाचा माधव गारपिटीत, त्याच्या पाचवीच्या पूजेला पत्र्यावर गारा वाजत होत्या. प्रत्येकीने साल न सांगता साल सांगितलं आणि प्रत्येक वेळी बालाजीला मान हलवावी लागली, कारण त्यालाही ते सगळं आठवत होतं. एकीने आपल्या दत्ताचं नाव घेतलं. तो भूकंपाच्या साली झालेला. जरा हिशेब झाला आणि तिला सांगण्यात आलं की तो कायद्याने सुटला. ती खट्टू होऊन मागे सरली.

बालाजी बराच वेळ फडक्याने तीच जागा पुसत राहिला. मग म्हणाला, "पंचवीस होईस्तोवर माझ्या दुकानात न्हाई. शब्द. पण ताई, कंधारला मिळती. तिथं कोण ओळखतं त्याला?"

"जाऊ दे कंधारला," सुलोचना म्हणाली. "तिथं पाय आपोआप वळत न्हाईत. बसची वाट बघावी लागती."

वयाची मर्यादा, परवाने, बंदीचे दिवस यांवर मी आयुष्यभर हसत आले. पंचविसावं वर्ष कुणी शोधून काढलं, हे मला अजूनही कळलेलं नाही. ते तेवीस का नाही आणि चाळीस का नाही, याला उत्तर नाही. पण त्या सकाळी लक्षात आलं, की नियम ही भिंत नव्हेच. माणूस आणि बाटली यांच्यामध्ये थोडा रस्ता घालणं, एवढंच तो करू शकतो, आणि तेही कुणीतरी त्या रस्त्यावर येऊन उभं राहिलं तर.

उदगीरमार्गे लातूरला आले. लातुरात रस्तोरस्ती शिकवण्या आहेत. जड दप्तरं घेतलेली सतरा-अठरा वर्षांची मुलं डॉक्टर व्हायला निघालेली, चौकात सुशीला (चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला नाश्ता) खात उभी. कोवळं ऊन त्यांच्या वह्यांवर पडलं होतं. त्यांच्याकडे बघत दुपारच्या गाडीपर्यंतचा वेळ काढला.

घरी पोचून आठवडा झाल्यावर सुलोचनाचा फोन आला. बालाजीने शब्द पाळला होता. अनिकेत एकदा कंधारला जाऊन आला, दुसऱ्यांदा बस चुकली म्हणून फाट्यावरून परत आला, आणि आता पुण्यात एका कारखान्यात मुलाखतीला जाणार होता. पुण्यात त्याला कुणी ओळखत नाही, एवढीच तिला धास्ती होती. बालाजीने दुकानात कॅलेंडरवर त्याच्या पंचविशीची खूण करायची म्हणून तारीख विचारून घेतली होती. मीही विचारली. एरवी दिवसभर गल्ल्यावर बसणारा बालाजी तिला दवाखान्यात न्यायच्या दिवशी जीप घेऊन घरी कसा सापडला, तेही त्यातच कळलं.

अनिकेतचा जन्म दोन ऑक्टोबरचा. त्या दिवशी दुकान बंद असतं.