अक्काच्या हाताचं माप

आमचं घर कासाराचं. जालन्यात बांगड्यांचं दुकान, आणि बाया हात भरायला आल्या की समोर बसायचं मी. वडिलांनी एक गोष्ट माझ्याकडून पक्की करून घेतली होती. बांगडी चढत नसली तर बाईच्या हाताला नाव ठेवायचं नाही, मालाला ठेवायचं. 'या खेपेला माल बारीक आलाय' म्हणायचं आणि गुपचूप मोठं माप काढायचं. सवाष्णीला हात वाढला म्हणणं आमच्यात वाईट समजतात, शिवाय गिऱ्हाईक तुटतं ते वेगळंच.

माझी थोरली बहीण, अक्का, मंठ्याला दिली होती. दर संक्रांतीला माहेरी यायची आणि माझ्याकडूनच हात भरून घ्यायची. लग्नात तिचं माप सव्वादोन होतं. हात असे मऊ की साबण लागायचा नाही.

निजामाचं राज्य जाऊन तीनेक वर्षं झाली असतील. त्या संक्रांतीला तिला अडीच लागली. पुढच्या वर्षी अडीचही अंगठ्याशी अडली. मी दाबायला लागले तशी ती कळवळली आणि हात मागं घेऊन म्हणाली, "माझे हात वाढून राह्यले का गं? चप्पल बी होईना. सोनारानं अंगठी कापून काढली."

"छ्या! काहीतरीच तुझं! माल बारीक आलाय या खेपेला."

बोलून गेले. गिऱ्हाइकाला लावायची जीभ मी सख्ख्या बहिणीला लावली. तिला इतकं हायसं वाटलं की मी स्वतःवरच खूश झाले. काय म्हणावं या अकलेला!

मग तिचं नाक पसरत गेलं, जबडा पुढं आला, आवाज घोगरा झाला. पाळी केव्हाच बंद झाली होती. कपाळ ठणकलं की सुंठ उगाळून लावायची. सासू म्हणायची, खात्यापित्या घरची सून, अंगानं भरली. दाजी डॉक्टरला दाखवू म्हणून मागं लागायचे, पण अक्का जागची हलायची नाही.

शेवटी ती दाराच्या चौकटीला धडकायला लागली. समोरचं दिसायचं, पण शेजारी बसलेलं माणूस दिसायचं नाही. तेव्हा दाजींनी बळंच मुंबईला नेलं. सोबतीला मी.

डोक्याचा एक्सरे बघून डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या तळाशी हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते, शरीराची वाढ तिच्या हातात असते. तिच्यातच गाठ झालीय. त्या गाठीनं हातपाय वाढवले, आता ती डोळ्यांच्या शिरा दाबतेय.

"हात वाढायला लागले केव्हापासून?"

"दोन-तीन वर्षं झाली असतील," दाजी म्हणाले.

"चार वर्षं," मी म्हणाले. कुठल्या संक्रांतीला कुठलं माप, सगळं मला पाठ होतं.

"मग तेव्हाच का नाही आणलं? नजर कदाचित वाचली असती."

दाजी माझ्याकडं बघतच राहिले. "मी दरसाल म्हणायचो, चल डॉक्टरकडं. ही म्हणायची, माझी बहीण कासारीण हाय, तिला हाताचं कळत न्हाई व्हय?"

अक्का तिथंच बसली होती. तिनं माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

कित्येक आठवडे डोक्याला किरणांचा शेक दिला. ठणका थांबला, गाठही थांबली. पण नजर जात होती ती गेलीच.

पुढच्या संक्रांतीला अक्का येणार नाही असं मला वाटलं होतं. आली, दाजींचा हात धरून. मी समोर पाट घेऊन बसले, तिच्या हाताला साबण लावला.

"माप सांग," ती म्हणाली.

ते जुनं वाक्य ओठांवर आलंच होतं. गिळलं.

"पावणेतीन. ते बी कसंबसं."

"खरं?"

"खरं, अक्का."

तिनं मान हलवली. एक हात भरून झाल्यावर तिनं आपणहून दुसरा पुढं केला, माझ्या शेजारी, जिथं कुणीच बसलेलं नव्हतं.