खुरसापुढे लावलेल्या दोन मेणबत्त्या

आईच्या हृदयाची झडप बदलायची की औषधांवरच राहायचे, ते सोमवारपर्यंत कळवा, असे गोव्याच्या डॉक्टरांनी सांगितले. दोन्हींत धोका आहे, हेही त्यांनी लपवले नाही. तेव्हापासून माझे कशातच लक्ष लागेना. शाळेत फळ्यावर गणित मांडायचे आणि शेवटची पायरी तशीच राहून जायची. संध्याकाळच्या प्रार्थनेत आई शांत असे. मी मात्र प्रत्येक वाक्यामागे देवाकडे उत्तर मागत होते.

आमच्या गावात अडचण आली की देवळात कौल लावतात. मूर्तीला चिकटवलेली पाकळी उजवीकडून पडली, की देवाचा होकार. आम्ही ख्रिस्ती, ही रीत आमची नाही. पण लहानपणापासून ती पाहिलेल्या माणसाला आपल्याही देवाने असेच स्पष्ट सांगावे, असे वाटते. रविवारी संध्याकाळी मी माडांमधल्या खुरसापुढे, म्हणजे वाटेवरच्या क्रुसापुढे, दोन सारख्या मेणबत्त्या लावल्या. उजवी जास्त टिकली तर ऑपरेशन.

खाडीवरून वारा आला. मी आडोसा धरला आणि पाहते तो काय, माझे दोन्ही हात उजवीभोवतीच होते.

वाटेने जाणारी शेजारीण थांबली. "बाईनु, खुरसाक कौल लावलात? आमच्याकडे सांगूक गुरव तरी आसा. तुमचो जबाब कोण सांगतलो?"

"मी सांगतंय," मागून आई म्हणाली. तेवढ्या चालण्यानेही तिला धाप लागली होती. "परीक्षा देवाची घेतंस, आणि काळीज माझा. माका इचारलंस गो?"

"तुला भीती वाटेल म्हणून..."

"वाटताच. तरी करूया. माका रविवारच्या प्रार्थनेक इगर्जीपर्यंत न थांबता चालूक व्हया."

"आणि काही झालं तर?"

"ता तेका म्हायत," खुरसाकडे हात करून ती म्हणाली, आणि घराकडे वळली.

देव पुष्कळदा जवळच्याच माणसाच्या तोंडून बोलतो, असे मी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना समजावते. त्या आठवड्यात मी सर्वांना विचारले होते, फक्त आईला नाही. तिचे बोलणे मी मार्गदर्शन म्हणून स्वीकारले. माझी भीती मात्र त्याने गेली नाही.

सोमवारी डॉक्टरांना फोन केला. "आई तयार आहे."

"आणि तुम्ही?"

"मी नाही," मी म्हणाले. "पण तारीख द्या."